माझा बेस मले ऐकू येऊ द्या!

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणी ठरावीकच. लोकांना जी पाहिजेत तीच. किस्से मात्र आपले आपण जमत जातात. प्रोग्राम संपला, वायरी गुंडाळल्या, टेम्पोत स्पीकरचे डबे चढवले की चहाच्या ठेल्यावर कोणीतरी सुरू करतोच, "अरे, तो उमरेडचा सांग ना!" दुसरा म्हणतो, "थांब बे, आधी कमरेवाल्या मामाचा!" आणि गंमत म्हणजे दहातले आठ माझ्यावरच! कारण मी बेस गिटार वाजवतो.

आता बेस गिटार म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाही तर पुढची मजा जाईल. गाणारा गात असतो, ड्रम वाजत असतो, आणि त्या दोघांच्या मधून जो जाड, घुमणारा आवाज पोटात लागतो ना, तो मी. ऐकणाऱ्यांना तो वेगळा ओळखू येत नाही. ते एक वेळ ठीक. पण स्टेजवर उभा राहून माझा मलाच ऐकू येत नाही, हे माझं जन्माचं दुखणं! कानाशी ड्रम, समोर गाणाऱ्यांचे स्पीकर, आणि माझा आवाज म्हणे सरळ पब्लिककडे जातो. जातो असं धरून चालायचं आणि बोटांच्या भरवशावर वाजवत राहायचं.

दिवसा मी नागपुरात धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसतो. तिथं लोक मला विचारतात, "रिपोर्ट नॉर्मल हाये ना?" संध्याकाळी स्टेजवर मी विचारतो, "माझा आवाज येऊन राहिला ना?" दोन्हीकडे उत्तर एकच, "थांबा जरा!"

तरी सांगतो, या गिटारनं मला माणसं फार चांगली दिली. त्यांचेच हे किस्से.

* * *

मी गिटार शिकायला गेलो तेव्हा क्लासमध्ये सगळ्यांनाच साधी गिटार वाजवायची होती. सरांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बोटं जाड हायेत तुझी. तू बेस घे." झालं! एवढ्यावर माझं करिअर ठरलं.

बाबांनी मोठ्या हौसेनं बेस गिटार घेऊन दिली. घरी पूजा केली, हळदकुंकू लावलं. तेवढ्यात काटोलहून मामा आले. त्यांनी गिटारच्या तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊजी, शेजारच्या पोराच्या गिटारले सहा हाये. याले चारच काहून?"

बाबांना तरी काय माहीत! ते म्हणाले, "दुकानदार म्हणे अशीच येते."

मामा दुकानदारावर चांगलेच भडकले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाराज नको होऊ गा! शिक तू चारवर. हळूहळू बाकीच्या दोन बी लावून घेऊ!"

मामा अजूनही भेटले की विचारतात, "लावल्या का गा?"

* * *

आता बबनभाऊ. आमचे साउंडवाले. मांडव, लाईट, साउंड, सगळं त्यांचंच. मिक्सरसमोर म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या बटणांच्या पेटीसमोर बसले की राजा माणूस. त्यांच्याकडे एक छोटा माईक असतो, त्यातून ते आम्हाला स्टेजवर विचारतात. पहिल्याच प्रोग्रामात त्यांनी विचारलं, "दादा, कसं हाये?"

मला माझा आवाज अजिबात येत नव्हता. मी ओरडलो, "बेस!"

बबनभाऊ खुश झाले. "थँक्यू दादा!" म्हणाले आणि बटणावरचा हात काढून हाताची घडी घालून बसले.

मी पुन्हा ओरडलो, "बेस! बेस!" त्यांनी दुरून मला हात जोडले.

मी म्हटलं, काय माणूस आहे! मागितलं की हात जोडतो, देत काही नाही. असा अख्खा लग्नाचा सीझन गेला. मी घसा फोडून "बेस" मागायचो आणि ते आणखी आणखी खुश व्हायचे. शेवटी आमचा ड्रमर पिंट्या हसत हसत माझ्याकडे आला. "प्रमोद, बबनभाऊ सगळ्या नागपुरात काय सांगून राहिले माहीत आहे? म्हणे, बाकीचे आर्टिस्ट नुसती कटकट करते. हे वाढव, ते वाढव. पण प्रमोददादासारखा माणूस नाही! कधी बी विचारा, 'बेस हाये' म्हणते!"

आपल्याकडे बेस म्हणजे छान, झकास! हे मला कळायला पाहिजे होतं की नाही? मीच घरी वरणाला "बेस झालं" म्हणतो! बबनभाऊ त्या आवाजाला बेस म्हणतच नाहीत. त्यांच्या भाषेत जाड, घुमणारं जे काही असेल ते सगळं "ढम".

मग पुढच्या प्रोग्रामात मी म्हटलं, "बबनभाऊ, ढम वाढवा!" त्यांनी तत्परतेनं पिंट्याचा ड्रम वाढवला. माझ्या तारांचं जे थोडं टुकटुक कानावर यायचं, तेही गेलं.

तुम्ही म्हणाल, सरळ बसून समजावून का नाही सांगितलं? अहो, सांगणारच होतो. पण त्याच आठवड्यात बाबांना दवाखान्यात भरती केलं. आणि बबनभाऊ रोज संध्याकाळी स्कूटरवरून डबा घेऊन हजर! बाबांसाठी मऊ खिचडी वेगळी, आमच्यासाठी भाजीपोळी वेगळी. बाबा घरी आले तेव्हा त्यांना धरून जिना चढवणारे पण बबनभाऊच. जिन्यात मला म्हणाले, "दादा, तुम्ही माया कामाले एवढं बेस म्हणता, मंग येवढं तं केलंच पाहिजे ना!"

आता सांगा, या माणसाला कुठल्या तोंडानं म्हणू की मी तुमची तारीफ करत नव्हतो?

* * *

तोंडानं नाही तर हातानं, असं मी ठरवलं. उमरेडला एक लग्न होतं. मी बबनभाऊंकडे पाहिलं, गिटारकडे बोट दाखवलं आणि बोट वर वर वर नेलं. म्हणजे माझा आवाज वर करा. यापेक्षा स्पष्ट काय असणार!

बबनभाऊंनी वर पाहिलं. माझ्या डोक्यावरचा लाईट बंद होता.

गाणं रंगात आलेलं, नवरी-नवरदेव सोफ्यावर बसलेले, आणि स्टेजवर शिडी आली! एक माणूस माझ्या डोक्यावर चढून लाईट सुरू करू लागला. आमचे लीडर विलासभाऊ गाता गाता माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. विलासभाऊ म्हणजे आमचे गायक, कीबोर्डवाले आणि मालक, सगळं एकच. लाईट लागला. असा लागला की माझ्या घामाचे थेंबसुद्धा दिसायला लागले. खालून वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, टाळ्या वाजवल्या.

नंतर विलासभाऊ म्हणाले, "प्रमोद, तुले चमकायची एवढी हौस असंन तं आधी सांगत जा!"

* * *

पिंट्यानं आणि पोरांनी माझी दया येऊन एकदा माझ्यासाठी वेगळा मॉनिटर आणला. मॉनिटर म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. फक्त माझा आवाज, फक्त माझ्यासाठी! मी त्या डब्यावरची धूळ रुमालानं पुसली. लॉनवर लग्न होतं, स्टेज बुटकं होतं. पहिलं गाणं सुरू होणार तेवढ्यात नवरीचे मामा आले, कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणाले आणि त्याच डब्यावर बसले.

तोंड माझ्याकडे, म्हणजे स्पीकरचं, आणि मामांच्या धोतरानं ते पूर्ण झाकलं. मी खुणा केल्या. मामांनी मला आशीर्वाद दिला. नवरीचे मामा! त्यांना उठवणार कोण?

पूर्ण प्रोग्राम मामा हलले नाहीत. मी वाजवत होतो आणि ते डोळे मिटून बसले होते. शेवटी उठले, ताठ उभे राहिले, पुढे वाकून पाहिलं, मागे वाकून पाहिलं आणि माझा हात धरला. "बाप्पा! डॉक्टर झाले, मालिशवाले झाले, कायी फरक नाही. आज कंबर मोकळी झाली! काय घुमून राहिलं होतं बुडातून!"

माझा बेस एवढं मन लावून तोवर कोणी घेतला नव्हता. पुढच्या सोमवारी लॅबच्या काउंटरवर मान वर करून पाहतो तर मामा!

"रिपोर्ट न्यायला आले का?" मी विचारलं.

"नाही गा. तो डबा कोठी भेटते, ते विचाराले आलो."

* * *

मग आलं कानातलं मशीन. विलासभाऊंनी आणलं. वायर नाही, काही नाही, कानात बोंडं घालायची आणि आपला आवाज आपल्या कानात. विलासभाऊ म्हणाले, "घे बाबा, आजपासून तुझी तक्रार बंद."

मी आनंदानं बोंडं घातली. गाणं सुरू झालं. कानात खरखर झाली आणि मग अगदी स्वच्छ आवाज आला, "पाव्हणे मंडळींनी जेवून घ्या, पंगत बसून राहिली!"

शेजारच्या लॉनवर दुसरं लग्न होतं. त्यांचा माईक माझ्या कानात! इकडे मी विरहाचं गाणं वाजवतोय आणि कानात, "जिलेबी इकडे आणा!" मी सांगतो, इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात स्टेजवर ऐकला नव्हता. आणि तेवढ्यात ऐकू आलं, "गेटसमोर लाल स्कूटी आडवी लावली हाये, ज्याची असंन त्यानं काढा, नाही तं हवा सोडू!"

लाल स्कूटी माझी होती!

हात तर गिटारवर. मी वर्षाला डोळ्यांनी, मानेनं, भुवयांनी खुणा करायला लागलो. ती लाजली आणि इकडेतिकडे पाहायला लागली. घरी आम्ही स्कूटी ढकलत गेलो. वाटेत म्हणाली, "मले वाटलं, गाणं मायासाठी वाजवून राहिले."

* * *

वर्षाचं सांगायलाच पाहिजे. घरी मी प्रॅक्टिस स्पीकरशिवाय करतो. शेजारी अभ्यासाची पोरं आहेत, कोणाला त्रास नको. ती पोळ्या लाटते आणि मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून नुसत्या तारांवर टुक टुक करतो. बिचारीनं कधी बंद करा म्हटलं नाही, याचे उपकार मी मानतोच. कसं वाजलं हेही कधी म्हटलं नाही, ते सोडा.

एकदा तिच्या माहेरी, भंडाऱ्याला, अंताक्षरी रंगली. तिच्या टीमवर "ड" आला. सगळे विचारात पडले. वर्षा ताठ बसली आणि सुरू झाली, "डुम् डुडुम् डुम्, डुम् डुडुम् डुम्..."

सगळे तोंडाकडे पाहायला लागले. तिची बहीण म्हणाली, "हे कोणतं गाणं वं?"

"अवं, नेहमीचं तं हाये! हे लग्नात नाही का वाजवत सगळे!" तिनं पुन्हा पूर्ण म्हणून दाखवलं. कडवंसुद्धा! चढउतारासकट. मी ओळखलं ना! मी त्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले तेव्हा वर्षा माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे याले शब्द बी हाये?"

टीम हरली. मेहुणा मला म्हणाला, "भाऊजी, बहिणीले काय करून टाकलं हो तुम्ही!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा फक्त हसलोच.

* * *

हसू थोडं थांबलं ते विमानतळाजवळच्या मिहानमध्ये. तिथल्या एका कंपनीचा कार्यक्रम होता. स्टेज लहान, त्यात बक्षिसांचं टेबल आणि फुलांच्या कुंड्या. ऑर्केस्ट्रा काही मावेना. विलासभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रमोद, आज तू खाली बस. बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं घेऊन घेतो. तसं बी कोणाले समजते?"

वाईट मनानं म्हणाले नाहीत. माणूस चांगलाच आहे. मी खाली बसलो, समोसा खाल्ला आणि गाणी ऐकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या ऑर्केस्ट्राचा बेस अगदी स्वच्छ ऐकू आला! तो विलासभाऊंचा डावा हात होता.

टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. एकानंही विचारलं नाही की तो चार तारांवाला कुठं गेला.

वर्धा रोडनं घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं. वर्षा पोळ्या लाटत होती. मी दारातूनच म्हटलं, "बस!"

"काय बेस झालं?" तिनं आतून विचारलं.

"बेस नाही, बस! पुरे झालं. ज्याचा आवाज कोणालाच ऐकू जात नाही, मलासुद्धा नाही, ते वाजवून काय करायचं? रामदासपेठेतला रविवारचा प्रोग्राम शेवटचा. नंतर गिटार क्लासला देऊन टाकतो."

मला वाटलं, "अहो, काहून?" म्हणेल, समजूत काढेल. तिनं पोळी उलटवली. "बरं," म्हणाली.

बरं! इतकंच! खरं सांगतो, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

* * *

तर रामदासपेठेतला तो प्रोग्राम. हॉल भरलेला, वर्षा नेहमीसारखी तिसऱ्या रांगेत. मी मनात म्हटलं, शेवटचं आहे तर नीट वाजवू. पहिलं गाणं वाजवलं. जीव ओतून वाजवलं. दुसरं सुरू झालं. डोळे मिटून, मान हलवून, अगदी रंगात आलो.

डोळे उघडले तर वर्षा उभी! भर गाण्यात! लोकांच्या पायांवरून "सरका जरा" करत ती रांगेतून बाहेर निघाली आणि मागच्या दाराकडे चालायला लागली. शेवटचा प्रोग्राम आणि ही निघून चालली!

पण ती दाराकडे गेली नाही. मागे बबनभाऊ मिक्सरवर बसले होते, तिथं जाऊन थांबली. आणि बबनभाऊंचा तो छोटा माईक चालूच राहिला होता. दोघांचं बोलणं सगळ्या हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरमधून!

"भाऊ, बेस नाही!"

"काहून वहिनी? सगळे तं बेस म्हणून राहिले."

"तसं बेस हाये हो, पण बेस नाही!"

"बेस हाये, पण बेस नाही? वहिनी, हाये का नाही?"

हॉलमध्ये हसण्याचा स्फोट झाला. विलासभाऊंनी गाणं थांबवलं. पिंट्यानं काड्या खाली ठेवल्या. वर्षाला कशाचं भान नव्हतं. तिचा आवाज रडवेला झाला होता. "अहो, यांचं बंद हाये! पहिल्या गाण्यापासून बंद हाये! ते बोटं मारून राहिले अन् कायीच येऊन नाही राहिलं!"

मी खाली पाहिलं. माझ्या गिटारची वायर निघून पायाशी पडली होती. दोन गाणी मी मुकी गिटार वाजवली होती आणि मला पत्ता नव्हता. मला कसा असणार?

बबनभाऊ गडबडले. ते एकेक बटण वर सरकवत होते. "कोणतं वहिनी? हे? ढम म्हणता का?"

"ढम नाही हो! ते... ते खालून येते ते..." आणि तिनं तो माईक हातात घेतला. माझी वर्षा, जी हळदीकुंकवात उखाणा घ्यायला लाजते, ती सगळ्या हॉलसमोर म्हणाली, "डुम् डुडुम् डुम्, डुम् डुडुम् डुम्... हे! हे यांचं हाये!"

कोणी हसलं नाही. बबनभाऊ तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाताखालच्या बटणाकडे, आणि कपाळावर हात मारला.

मी वायर उचलून लावली. बबनभाऊंनी ते बटण शोधता शोधता पार वर नेऊन ठेवलं होतं. मी सगळ्यात जाड तार एकदाच छेडली.

तो आवाज पायाखालच्या फळ्यांतून वर आला, छातीत शिरला आणि सगळ्या हॉलमधून फिरून पुन्हा माझ्याकडे आला. माझा! मला समोरचं धूसर दिसायला लागलं. मी तार दाबून धरली नाही, वाजू दिली, पूर्ण विरेपर्यंत वाजू दिली.

बबनभाऊंनी वर्षाकडून माईक घेतला. "दादा... आता कसं हाये?"

मी हॉलच्या मागे उभ्या असलेल्या वर्षाकडे पाहिलं.

"बेस!" मी म्हटलं.

बबनभाऊंनी बटणावरचा हात काढला. "थँक्यू दादा."